सव्हानातला सुट्टीचा दिवस

सेम्बावांग, सिंगापूर
२२ नोव्हेंबर २०१४

अक्का,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गुडघा वाकत नाही. उभ्यानंच घातला असं समज.

तिकीट दोन हजार एकशे ऐंशी डॉलरचं पडलं. ही झाली चारचौघांत सांगायची किंमत. खरी किंमत वेगळी. वर्कशॉप दहा दिवस बंद राहणार, त्यामुळे एका टगबोटीचं इंजिन उघडायचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि त्या टगचा मालक, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, माझ्याशी बोलेनासा झाला. एक लोकरीचा कोट घेतला, तो इथं कपाटात टांगलेला बघितला तरी घाम फुटतो. जाताना एकोणतीस तास विमानाच्या खुर्चीत, येताना तेवढेच. आणि हे सगळं एका दिवसासाठी. आता विचार, पद्या, निघालास तरी कुठं?

अमेरिकेत खाली दक्षिणेला सव्हाना नावाचं एक जुनं शहर आहे. परेशचं जहाज २४ डिसेंबरला तिथं लागतंय.

तू म्हणशील, जहाज तर परवाच सिंगापूरला लागलं होतं, तेव्हा काय झालं? लागलं होतं. वीस तारखेला, अकरा तास. मी सकाळीच अंघोळ करून तयार. परेशचा मेसेज आला, “बाबा, तेल भरायचं काम चालू आहे, खाली उतरता येणार नाही. तुम्हीही येऊ नका, पास मिळत नाही.” पास कसा मिळत नाही, या गोदीत माझी हयात गेली! पण म्हटलं, नोकरी आहे पोराची, आपण मध्ये लुडबुड नको. वेस्ट कोस्टच्या बागेत जाऊन बसलो. तिथून क्रेन दिसतात. संध्याकाळी जहाज सुटलं ते पाहिलं आणि घरी आलो.

मग डोकं चालवलं. ही कंटेनरची जहाजं कुठंच थांबत नाहीत, रिक्षावाल्यासारखी, एक उतरला की दुसरा घेतला. पण अमेरिकेतले गोदी कामगार नाताळला कामाला हात लावत नाहीत. चोवीसच्या संध्याकाळी क्रेन थांबल्या की सव्वीसच्या सकाळपर्यंत सामसूम. म्हणजे जहाज अख्खा दिवस बांधून पडणार आणि पोरगं मोकळं! सांग, दुसऱ्या कुठल्या बापानं हा हिशेब काढला असता?

अमेरिकेचा व्हिसा कामानिमित्त काढलेला आहेच, दहा वर्षांचा. परेश सहा वर्षांचा असताना त्याला तुझ्या ओटीत टाकून मी इथं आलो. तेव्हापासून आम्ही बापलेक सलग आठ दिवस कधी एका छपराखाली राहिलो नाही. तेव्हा एक दिवस म्हणजे थोडाथोडका नाही.

आणि एक सांगतो, इथं सगळ्यांना सांगतो तेच. पोराला मी बाकी काही दिलं नसेल, पण माझे कान दिले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत कोण कुरकुरतंय ते मला कळतं. सोळाव्या वर्षी परेशनं तुझ्या पाण्याच्या मोटरला तसाच स्क्रूड्रायव्हर लावून सांगितलं होतं, “मागचं बेअरिंग गेलंय.” उघडली तर मागचंच! माझ्या वर्कशॉपात चाळीस वर्षं घासलेली माणसं आहेत, त्यांना जमत नाही. रक्तात असावं लागतं.

त्याला यातलं अक्षरही कळवू नकोस. शब्द दे. त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहणार आहे आणि हाक मारणार आहे.

तुझा,
पद्माकर


मिरज
२ डिसेंबर २०१४

पद्माकर,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात नवे पाठवायला ते काही पापड नाहीत.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि कपाटाच्या वरच्या खणात, लुगड्यांच्या खाली ठेवलं. तू म्हणालास कळवू नको, मी कळवलं नाही. शब्द दिला की दिला.

पण मला हे जाणं पसंत नाही. एवढ्या थंडीत, त्या परक्या गावात, सणाच्या दिवशी सगळं बंद. तुला चहा तरी कोण देणार? जहाजाचं काही सांगता येतं का? तूच सांगतोस, आज इथं येणार म्हणतात आणि चार दिवसांनी तिसरीकडेच लागतं. तिकीट रद्द करून मिरजेला ये. नाताळ काय, तो इथंही असतो. मिशन हॉस्पिटलच्या आवारात कागदी चांदण्या लावतात, समोरच्या नीलिमाबाई केक आणून देतात. तो खायला माणसं हवीत. ये तू. मी इतकं आग्रहानं कधी म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे.

माझं बरं चाललंय. गॅसचा सिलिंडर पूर्वी दोन महिने जायचा, आता महिन्यात संपतो. थंडी आहे, पाणी तापवावं लागतं. पाण्याची मोटर पुन्हा बिघडली होती, एकानं घरीच खोलून नीट केली. फिरते आहे की नाही ते मी हात लावूनच बघते, पण हादरे कमी झालेत.

एक विचारायचं होतं. कानात घालायचं मशीन तिकडे कितीला मिळतं? चांगल्यातलं. एकाच कानाचं चालेल, डाव्या. घेऊ नकोस, नुसतं विचारून कळव.

आणि परेशला रागे भरत जाऊ नकोस. लहानपणी तो काही लपवायचा ते तुझ्या धाकानं नव्हे. तुला वाईट वाटेल म्हणून लपवायचा.

नंदा


सेम्बावांग
१२ डिसेंबर २०१४

अक्का,

तुझं पत्र काल मिळालं. वाचून हसलो. कानाचं मशीन! वीस वर्षं मी घसा फोडून सांगतोय, अक्का, मशीन लाव, म्हणजे मला फोनवर बोलता येईल, आणि तू म्हणायचीस, ऐकण्यासारखं आता कोण काय बोलतंय? आता स्वतःहून विचारतेस. पण तुझे दोन्ही कान गेलेले, एका डाव्याचं घेऊन काय करणार? काटकसर कुठं करावी याला काही मर्यादा? दोन्ही घेऊ. पाया लेबारला एक दुकान आहे, काल जाऊन आलो. ती मुलगी म्हणाली, “अंकल, माणूस आणा, टेस्ट करावी लागते लाह.” इथं वाक्याला ‘लाह’चं शेपूट लावतात. म्हणजे तुला इथं यावं लागणार. बरं झालं.

परतीच्या वाटेवर एमआरटीत गंमत झाली. गाडी गच्च, सगळ्यांच्या हातात नाताळच्या पिशव्या. समोर एक जोडपं, पुण्याकडचं. बाई नवऱ्याला मराठीत म्हणते, “त्या काकांकडे बघ ना. नक्की एकटे राहत असणार.”

तो म्हणाला, “कशावरून?”

“शर्टाचं तिसरं बटण वेगळं आहे. पांढऱ्यावर निळं. घरात कुणी असतं तर असं बाहेर जाऊ दिलं असतं का?”

मी म्हटलं, “पांढरं सापडलं नाही हो वहिनी.”

अक्का, त्या बाईचा चेहरा! नवरा हसून हसून खांबाला धरून उभा. शैलेंद्र आणि रुचिरा. तो बुओना व्हिस्टाला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. उतरेपर्यंत नंबर घेतला, पंचविसाला त्यांच्या कॉन्डोत पार्टी आहे तिचं आमंत्रण दिलं. “काका, यायचंच!” मी छाती फुगवून सांगितलं, “जमायचं नाही. नाताळला मी अमेरिकेत, मुलाकडे.” बरं वाटलं सांगताना. गेल्या वर्षी नाताळला मी ऑर्चर्ड रोडवरची रोषणाई बघायला गेलो होतो. तिथं चिनी पोरांनी फोटो काढायला फोन माझ्या हातात दिला. एकानंतर एक, सोळा फोटो काढले मी लोकांचे. रिकाम्या हाताचा माणूस त्यांना बरोब्बर ओळखू येतो.

परेश खुशीत आहे. जग किती सुधारलं बघ, आमच्या वेळी भर समुद्रातून घरी निरोप म्हणजे महिना. परवा मी मेसेज टाकला, “जेवलास का?” दोन मिनिटांत उत्तर, “हो बाबा, पिठलं भाकरी.” फिलिपिनो खानसाम्याकडून पिठलं! तूच कृती लिहून दिली असणार.

एकविसाला पहाटे निघतो. तिकडे परदेशी फोनचे दर म्हणजे दरोडा, म्हणून इथूनच फोन बंद करून जाणार. मिरजेला येईन उन्हाळ्यात. आता नाही म्हणू नकोस, कोट घेऊन झालाय.

पद्माकर


सेम्बावांग
३० डिसेंबर २०१४

अक्का,

पोचलो. परवा रात्री आलो. दोन दिवस झोपलो.

गाव सुंदर आहे. बर्फबिर्फ काही नाही, तुझी भीती फुकट गेली. दर दोन गल्ल्यांनंतर एक चौकोनी बाग, भोवती जुनी, उंच पायऱ्यांची घरं, प्रत्येक दारावर पानांचं कडं आणि लाल फीत. झाडं मोठमोठी, आणि फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात, साधूच्या दाढीसारख्या. घोड्याच्या गाड्या फिरतात. नदीकाठचा रस्ता दगडगोट्यांचा आहे. ते दगड तिथले नव्हेत. शिडांच्या काळात रिकामी जहाजं तोल राहावा म्हणून पोटात दगड भरून यायची आणि परतीचा माल मिळाला की दगड काठावर टाकून जायची. त्या टाकलेल्या दगडांवरून आता लोक नाताळची खरेदी करत फिरतात. चालताना माझा पाय दोनदा मुरगळला.

लॉज एका गुजराती माणसाचं. पटेल. त्यानं वहीत नाव लिहिताना हिंदीत विचारलं, “सिंगापूरसे? ख्रिसमसके लिए? यहाँ कौन है आपका?”

म्हटलं, “बेटा आ रहा है.”

“कहाँसे?”

“पानीसे.”

तो बायकोला आत ओरडून म्हणाला, “सांभळ्युं? एमनो दीकरो दरियामांथी आवे छे!” आणि मला वरची, नदीच्या बाजूची खोली दिली. ज्यादा पैसे घेतले नाहीत.

चोवीसला दुपारी जहाज आलं. नदी एवढीशी, आणि जहाज असं गावातूनच चालत गेलं, चौदा मजल्यांची इमारत निघावी तसं. काठावर माणसंच माणसं, पोरं खांद्यावर, सगळे हात हलवतायत. मीही हलवला. परेश डेकवर नसणार हे मला ठाऊक होतं. जहाज नदीत शिरलं की इंजिनवाले खाली अडकतात, त्यांना वर यायची सोय नसते. मी बघायला उभा नव्हतो, ऐकायला होतो. इंजिन एकदम साफ चाललं होतं. कुठं खरखर नाही. मी शेजारच्या गोऱ्या म्हातारीला सांगितलं, “माय सन. डाउन, डाउन.” ती म्हणाली, “ओ, हाऊ लव्हली,” आणि तिनंही हात हलवला.

पंचविसाला सगळं बंद. पण गावातली मंडळी खलाशांसाठी एक घर चालवतात. गोदीतून गाडीनं पोरांना आणतात, चहा देतात, बुटांच्या खोक्यात भेटी भरून ठेवतात, मोजे, साबण, खोकल्याच्या गोळ्या. मी सकाळी आठपासून तिथं बसलो होतो. दहाला गाडी आली. परेशच्या जहाजावरची सहाजणं उतरली. चार फिलिपिनो, एक केरळचा, आणि परेश.

मग दिवस छान गेला. गाव हिंडलो. दुपारी पटेलीणबाईंनी खिचडी केली, परेशनं दोनदा घेतली. कोट त्याला दिला, बेताचा बसला, खांद्यात जरा घट्ट. बागेत बाकावर बसलो. आता तू विचारशील काय बोललो, तर बापलेक काय बोलणार? बरंच बोललो. तब्येत चांगली आहे. तुझी आठवण काढत होता. संध्याकाळी आठला गाडी त्यांना परत घेऊन गेली. मी फाटकापर्यंत गेलो होतो.

असा झाला नाताळ. ठरवलं होतं तसाच. आता शैलेंद्रचे मेसेज येत असतील, काका कसा झाला ख्रिसमस म्हणून, पण फोन मी अजून चालू केलेला नाही. बिघडलाय बहुतेक. दाखवायला टाकायचाय. घाई नाही.

पद्माकर


मिरज
१८ जानेवारी २०१५

पद्माकर,

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते ज्यानं तुझ्या हातात दिलं त्याला आधी घरात घे, पाणी दे, आणि मग पुढचं वाच.

तुझं तीस तारखेचं पत्र पोस्टमननं परेशच्याच हातात दिलं. सहा सप्टेंबरपासून तो इथं आहे. कोलंबोला त्याला जहाजावरून उतरवलं. ज्या जहाजाला तू बागेत बसून निरोप दिलास त्यावर तो नव्हता. त्या दिवशी तो माझ्याबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसला होता.

त्यानं पत्र उभ्यानंच वाचलं. मग ओट्यावर बसून पुन्हा वाचलं. मला म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून घरात पाटी ठेवलेली आहे, तीवर त्यानं लिहिलं, “आत्या, बाबांनी कोट कुणाला दिला?” मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर पाटी पुसून लिहिलं, “तो केरळचा जोसेफ असणार. तो आणि मी एकाच केबिनमध्ये होतो. त्यानं सांगितलं असणार.” आणि मग पाटी खाली ठेवून मोरीत तोंड धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. एवढ्या लांब जाऊन, सगळं कळल्यावरही तू बसून पान भरून लिहिलंस की दिवस छान गेला. मला वाईट वाटू नये म्हणून, की शैलेंद्रला सांगितलेलं खोटं पडू नये म्हणून, ते तुझं तू जाण. पण खिचडी दोनदा घेतली हे लिहिलंस, कोट खांद्यात घट्ट हे लिहिलंस, आणि पोरगं काय बोललं याची एक ओळ नाही. मी आयुष्यभर माणसांचे ओठ बघून त्यांचं बोलणं ओळखत आले. न बोललेलं मला लगेच दिसतं.

आणि तू एवढा हुशार, गोदीतला हिशेब काढणारा, तुला त्या पिठल्याचाही संशय आला नाही? की आला होता, आणि तरी गेलास?

माझं चुकलं ते मी कबूल करते. सप्टेंबरात त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, बाबांना मी स्वतः सांगेन, तू सांगू नकोस. नोव्हेंबरात तू शब्द घेतलास, परेशला सांगू नकोस. दोघांचे शब्द मी पाळत बसले, आणि तुला नुसतं ये ये म्हणत राहिले. तुझं बारा तारखेचं पत्र बावीसला आलं, तेव्हा आधीचं लुगड्यांखालून काढून दोन्ही पत्रं त्याच्यापुढे टाकली. तो पांढराफटक पडला. चार दिवस फोन लावत होता. तुझा बंद. मग नाताळ झाल्यावरही बंदच. तेव्हा मला कळलं की बिघडलेला नाही.

त्याला वाटतं, आता बाबा दार उघडणार नाहीत. मी म्हटलं, जाऊन तर बघ. व्हिसाला आठ दिवस लागले. तिकीट त्यानं स्वतः काढलं, पंपाच्या दुकानात मोटरी दुरुस्त करून मिळवलेल्या पैशांतून. सोबत तिळगूळ दिलाय, डबा मला परत हवा. पांढरी बटणंही आहेत, सहा.

का उतरवलं ते त्याच्याच तोंडून ऐक. तो शब्द मी अजून मोडलेला नाही. पण सगळीकडे मिरवतोस ना, पोराला काय दिलं म्हणून, ते त्याच्यापुढे आता बोलू नकोस. त्या एका बोलण्यापायी चार महिने तो तुला समुद्रातून मेसेज करत होता.

बोलायला बसशील तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं त्याला जुलैपासून काही ऐकू येत नाही.

नंदा